बावीसच्या पान्याचा घोडा

“माझा बावीसचा पाना घोड्याच्या मानेत काय करतोय, बापू?”

ही गर्जना ऐकली आणि मी नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्याच्या शेडच्या दारातच थबकलो. समोरचा पांडवलेण्यांचा डोंगरही दोन बोटं मागे सरकला असावा. ओरडत होते रघुनाथदादा, तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. मान खाली घालून ऐकत होता बापू, माझा शाळेतला मित्र आणि त्या शेडमधला फिटर. दोघांच्या मध्ये घोडा.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. बापूनं कारखान्याच्या भंगारातून घोडा केलाय, त्याला मुंबईच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलंय, एवढं पत्रात वाचून मी अकोल्याहून सुटलो. मनमाडला रेल्वे सोडली. पुढे एसटीत चांदवडपर्यंत एका पायावर उभा होतो, दुसरा कुणाचा होता ते कळलं नाही. इंदिरानगरात मिसळ खाल्ली. तिची तर्री (वरचा लालभडक रस्सा) अशी की मी एक घास घेतला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाची सर्दी मोकळी झाली. दुसरी प्लेट मागवणार होतो, पण पाय ठरेनात. घोडा दुपारी निघणार होता.

आणि घोडा होताच तसा. खुरांना वाइसचे (वस्तू पकडायच्या शिकंज्याचे) झिजलेले जबडे, आयाळीला करवतीची पाती, शेपटीला सायकलच्या चेन, बरगड्यांना कानशी. मान पान्यांची. मी जवळ गेलो तर त्यानं कान हलवला. बापू म्हणतो वारा होता.

दादांचा संताप मात्र वेगळाच होता. तो दिवस खंडेनवमीचा. शेडमधली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडलेली आणि दादांच्या हाताचा, पहिल्या नोकरीपासूनचा पाना घोड्यात. तुटका समजून बापूनं भंगारातून उचललेला. दादा म्हणत होते, पूजेला पाना पाहिजे, काप. बापू म्हणत होता, कापला तर मान पडेल, आणि संध्याकाळी प्रदर्शनाची नोंद बंद होते.

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, पाना कापता कशाला, घोड्यासकट पूजा करा की. सगळ्यांना एकदम पटलं. दादांनी स्वतः मानेला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मी छाती काढून फिरत होतो. नाशिकच्या वाटाघाटी आता माझ्यावरच सोपवतील असं वाटत होतं.

तेवढ्यात टेंपो आला. मी बाह्या सरसावून घोड्याच्या पोटाखाली हात घातला. कुणीच पुढे आलं नाही. मग माझ्या ध्यानात आलं, पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं.

मी सगळं करून बघितलं. हे हत्यार नाही, कलाकृती आहे, असं टेंपोवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. घड्याळ बघत शेडला इतक्या फेऱ्या मारल्या की तेवढ्या चालीत मुंबई आली असती. शेवटी दादाच खाली बघत म्हणाले, “उचल रे बापू. माझं मी बघतो.”

बापूनं हाराकडे बघितलं. “नाय दादा. तुमचा पाना हाय त्यात.”

टेंपो रिकामा गेला.

परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली, तरी मला बसवेना. वर्षभर हा माणूस सगळ्यांना सांगत होता की हे भंगार नाही, आणि ऐन वेळी त्यानंच त्याला पाना म्हटलं. माझ्या एका सल्ल्यानं घोडा अडला होता, हे तर चांदवडच्या प्रत्येक वळणावर टोचत होतं. निघताना स्टँडवर मी बापूला तेच विचारलं होतं, की आता रे काय, नोंद तर बंद झाली.

बिडी विझवत तो म्हणाला, “मागचा डावा पाय जरा आखूड झालाय. उद्या बघतो.”