घसरण्याआधीचं पाऊल

ज्येन सू-मेई मावशीला बास्केटबॉलचे नियम कधीच नीट कळले नाहीत. फाउल कशाला म्हणतात हे मी तिला तीनदा समजावलं असेन. चौथ्यांदा तिनंच मला थांबवलं. "जाऊ द्या ल्याओ सर. शिट्टी वाजली की कुणीतरी चुकलंय एवढं मला कळतं. बहुतेक वेळा तुम्हीच."

मी आठवडाभर शाळेत पीटी शिकवायचो आणि शनिवार-रविवार लीगच्या सामन्यांत रेफरी असायचो. मावशी आमच्या दौलिऊ शहरातल्या क्रीडागृहात सफाईला होती. हॉल उघडला त्या दिवसापासून, म्हणजे तेव्हा सोळा वर्षं झाली होती. रोज सकाळी सात वाजता चपला दाराशी काढून, नुसत्या मोज्यांवर ती अख्खं मैदान चालून यायची. कुठली फळी उचललीय, कुठे पॉलिश पातळ झालंय, हे तिला तळपायानं कळायचं.

एकदा तिनं विचारलं, "सर, बास्केटच्या उजव्या अंगाचं पॉलिश आधी का उडतं? दोन्ही टोकांना तसंच आहे."

"पोरं बहुतेक उजव्या हाताची असतात. त्याच बाजूनं आत घुसतात."

"मग सगळे अडवायलाही तिथेच उभे असणार ना? डावीकडं मोकळं असताना तिकडून का नाही जात?"

मी हसलो. संघांचे प्रशिक्षक दोन-दोन तास फळ्यावर बाण काढून जे शिकवायचे, ते हिनं पोछा मारता मारता विचारलं होतं.

लीगचं ते तिसरं वर्ष. त्याआधी कारखान्यांचे नि बँकांचे संघ वर्षातून एकदा जमायचे, एकमेकांना हरवायचे आणि जेवून घरी जायचे. बघायला खेळाडूंच्या बायका आणि सुट्टी मिळालेले चार कामगार. मग सहा संघांनी मिळून लीग काढली. दर शनिवार-रविवारी सामने, तिकीट लावून, टीव्हीवर. पण खेळाडूंची नोकरी सुटली नव्हती. काचकारखान्याचा फांग क्वान-तिंग, लीगमधला सगळ्यात चपळ गडी, दुपारपर्यंत गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि जेवण झाल्यावर सरावाला जायचा. शाळकरी मुली कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहायच्या, फोर्कलिफ्टवर बसलेल्या फांगचा फोटो काढायला. मुकादम वैतागून म्हणायचा, "अरे, हा इथं पेट्या उचलतो, सिनेमात काम करत नाही!"

तिसऱ्या वर्षी हॉल भरायला लागले. पहिल्यांदाच जाहिरातदार मिळाले. बाटलीतला चहा विकणाऱ्या एका कंपनीची मोठी गोल प्लॅस्टिकची चित्रं मैदानावर चिकटवली गेली. एक मधोमध, दोन-दोन दोन्ही बास्केटच्या अलीकडे. आम्हाला सगळ्यांना फार अभिमान वाटला. जाहिरात आली म्हणजे लीग खरी झाली, असं आपलं आमचं मत.

आणि त्याच हंगामात दौलिऊला खेळाडू घसरायला लागले.

पहिले दोघं पडले, उठले, हसले. तिसऱ्याचं मनगट मुरगळलं. मग डिसेंबरमधल्या एका शनिवारी फांग चेंडू घेऊन पळत आला, आत घुसायला वळला आणि त्याचा डावा पाय सरळ पुढे निघून गेला. मी चार पावलांवर होतो. गुडघ्यातून आलेला आवाज मी ऐकला. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तो एकच वाक्य बोलत होता, "माझंच चुकलं, पाय वाकडा पडला."

सोमवारी लीगचे सचिव को साहेब आले. जमीन बघितली, मावशीला बोलावलं.

"पॉलिशमध्ये काय घालता तुम्ही?"

"काही नाही. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी."

"मग पोरं पडतात कशी?"

"तेच मला कळत नाहीये, साहेब," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, कुतूहल होतं. को साहेबांना तो उद्धटपणा वाटला असावा. बाहेरची कंपनी मशीन घेऊन जमीन पुसायला आली, आणि मावशीला संडास आणि वरची गॅलरी दिली. मैदानावर पाऊल ठेवायचं नाही, असंही सांगितलं.

सोळा वर्षं रोज पायाखाली असलेली जमीन तिला आता वरून बघावी लागत होती. पहिला आठवडाभर तिनं माझ्याशी बोलणंच टाळलं. पुढच्या सोमवारी गॅलरीत मला गाठून आलूबुखाराची पूड लावलेले पेरूचे काप पुढे केले आणि म्हणाली, "सर, मशीननं पुसल्यावरही परवा एकजण पडला."

"हो."

"तुम्ही कुठे बघत होतात?"

"तो पडला तिथेच."

"सगळे तिथेच बघतात. त्याच्या आधीचं पाऊल कुठे होतं?"

मी त्याच मैदानावर, त्याच्या इतका जवळ, आणि मला माहीत नव्हतं.

टीव्हीवाल्यांकडून मी सामन्यांच्या डीव्हीडी मागून घेतल्या. बुधवारी दुपारी शाळेच्या चित्रफिती दाखवायच्या खोलीत आम्ही दोघं बसलो. अकरा जण पडले होते. एकेकाचं पडणं मी हळूहळू मागं नेत होतो, आणि मावशी पडद्याला नाक लावून पाय बघत होती. "थांबा. अजून एक मागं. हां, इथं." अकरापैकी नऊ जणांचं एक किंवा दोन पावलं आधीचं पाऊल त्या चहाच्या चित्रावर पडलेलं होतं. घसरले मात्र ते पुढच्या लाकडावर. म्हणून सगळे लाकूडच तपासत होते.

मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवाले यायच्या आत मी बूट घालून मैदानावर गेलो. मावशी गॅलरीतून ओरडून सांगत होती, "पळा! चित्रावर पाय द्या नि वळा!" मी वीस वेळा पळालो. पन्नाशीच्या माणसाला जमेल तेवढ्या वेगानं पळालो. एकदाही घसरलो नाही.

मी धापा टाकत खाली बसलो. "संपलं, मावशी. चित्राचा काही संबंध नाही."

ती मात्र कठड्यावर कोपरं टेकून चक्क खूश दिसत होती. "संबंध आहे. पण आणखी काहीतरी हवंय. सर, ते नऊ जण पडले तेव्हा हॉलमध्ये माणसं किती होती?"

डीव्हीडी पुन्हा लावल्या. नऊच्या नऊ वेळा हॉल गच्च भरलेला होता. आमचा हॉल लीगमधला सगळ्यात बुटका. थंडीत दारं लावून घेतली की आत तीन हजार माणसांचा श्वास कोंडायचा. मावशीनं हात माझ्यासमोर उलटा धरला. "भाताच्या भांड्याचं झाकण आतून कसं ओलं होतं? लाकडावर ते पाणी पसरून जातं. त्या प्लॅस्टिकवर थेंब धरत असणार. बूट तिथं ओला होतो आणि पुढच्या पावलाला दगा देतो."

"असणार म्हणजे?"

"हात लावल्याशिवाय कसं सांगू? मला तर खाली जायची बंदी."

पुढच्या शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मध्यंतराची शिट्टी मीच वाजवली. ढोल सुरू झाले, नाचणाऱ्या मुली मैदानाच्या कडेला तयार होत्या, तेवढ्यात मावशी जिन्यानं खाली आली, चपला काढल्या आणि मोज्यांवर सरळ मैदानात शिरली. कुणीतरी ओरडलं, "ए मावशी, कुठल्या संघाकडून?" हशा पिकला. तिनं पुढच्या रांगेतल्या को साहेबांचं मनगट धरलं.

"साहेब, दोन मिनिटं. नंतर मला काढून टाका."

एवढ्या लोकांसमोर हात सोडवून घेणं त्यांना बरं दिसेना. ते आले. तिनं त्यांचा तळहात आधी लाकडावर टेकवला, मग चित्रावर. को साहेबांनी हात उचलला आणि दिव्याखाली धरला. तळवा चकाकत होता. तसेच उकिडवे बसून त्यांनी विचारलं,

"फांगचा पाय याच्यावर पडला होता?"

"याच्यावरच," मी म्हणालो. "आम्ही बघितलंय."

चहा कंपनीचा माणूस कराराचं काहीतरी बोलत धावत आला. को साहेबांनी वर न बघताच सांगितलं, "आधी हात लावून बघा, मग बोला." आणि मावशीला म्हणाले, "काढा."

मावशी, आणखी दोन सफाईवाल्या आणि मी गुडघ्यांवर बसून पाचही चित्रं खरवडली. राहिलेला डिंक तिनं स्पिरिटच्या फडक्यानं पुसला. सामना पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला. प्रेक्षकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग टाळ्या वाजवायला लागले. त्या दिवशी कुणी पडलं नाही, आणि पुढच्या दोन महिन्यांतही नाही.

फांग मार्चमध्ये कुबड्या घेऊन हॉलवर आला. मावशीनं त्याला माझ्या शाळेत आणलं आणि त्याचंच पडणं दाखवलं, एकेक पाऊल थांबवून. त्यानं ते चार वेळा बघितलं. "म्हणजे पाय सरळ होता माझा," तो हळूच म्हणाला.

"सुतासारखा सरळ," मावशी म्हणाली. तो तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिला. तो पुन्हा पूर्वीसारखा खेळला नाही. दोन हंगाम बाकावर बसला, मग कारखान्याच्या पोरांना शिकवायला लागला.

लीगनं पुढच्या वर्षी नियम केला की जाहिरात मैदानावर रंगवायची, चिकटवायची नाही. हंगामाआधी सहाही हॉल मावशीनं चालून बघायचे, हेही ठरलं. तिला गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं. आठवडाभर दौलिऊची सफाई, शनिवार-रविवार लीगची तपासणी. मी चिडवायचो, "आता तुम्हीपण अर्ध्या व्यावसायिक झालात." ती म्हणायची, "अर्धी का होईना, निदान माझं काम मला कळतं. तुम्ही अजून त्या फाउलपाशीच अडकलाय."

ती लीग आता नाही. मोठ्या शहरांचे पूर्ण व्यावसायिक संघ निघाले, काचकारखान्यानं आपला संघ बंद केला, खेळाडूंना फोर्कलिफ्ट चालवावी लागत नाही. मावशी निवृत्त आहे. पण गेल्या रविवारी सकाळी तिचा फोन आला. "सर, टीव्ही लावलाय का? त्या नव्या हॉलमध्ये चेंडू खाली आपटल्यावर आवाज उशिरा का येतो?"

मी म्हटलं, टीव्हीचा दोष असेल.

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून शेजारणीच्या टीव्हीवर बघून आले."

गुरुवारी सकाळी तिकडं जाणाऱ्या गाडीची दोन तिकिटं तिनं काढून ठेवली आहेत.