जग राहिलं तर परवा या

बोरी बुद्रुकच्या इंद्रायणीबाईला देवाचे उपकार मानायची भारी हौस. लाईट आली की उपकार, लाईट गेली की डोळ्याला जरा इसावा मिळाला म्हणून उपकार. शेळी व्याली, डाळ शिजली, पाहुणा आला, पाहुणा एकदाचा गेला, सगळ्याला तिचे हात जोडलेलेच. तिचा नवरा भिका वैतागून म्हणायचा, "मला उद्या इंचू चावला तरी ही बया उपकार मानंल." त्यावर ही म्हणायची, "मानीन की. दोन चावले न्हाईत म्हणून." आता अशा बाईपुढं कुणी काय बोलावं?

गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजावीत इतकी. त्यांचं कौलारू प्रार्थनाघर होतं, त्याला सगळे देऊळच म्हणत. पाळकसाहेब जुन्नरहून मोटारसायकलवर यायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. येशूची आठवण म्हणून प्रत्येकानं भाकरीचा एक तुकडा आणि काळ्या द्राक्षांच्या रसाचा एक घोट घ्यायचा. भाकर म्हणायची पद्धत, पण ती असायची गव्हाची जाड पोळी, आणि ती करायची इंद्रायणीबाई. पहाटे उठून, अंघोळ करून, चूल सारवून ती पोळी भाजायची, स्वच्छ फडक्यात गुंडाळून न्यायची आणि मेजावर ठेवायची.

आणि स्वतः मात्र खायची नाही. ताट तिच्यापाशी आलं की ती ते तसंच पुढं सरकवायची. दहा-अकरा वर्षं झाली, तिनं त्या भाकरीचा कण तोंडात घातला नव्हता. हट्टी बाई! पण हट्ट उगाच नव्हता.

प्रभूच्या मेजाशी येण्याआधी ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी मन मोकळं करून ये, अशी तिच्या धर्माची शिकवण. आणि तिचं वाकडं होतं ते थोरल्या जावेशी, लंकाबाईशी. दोघींची घरं शेजारी, रान सामाईक. दहा-अकरा वर्षांमागं चैत्रात कांदा काढून वावरात पसरला होता आणि आभाळ काळंभोर होऊन आलं होतं. सकाळी दुधाच्या गाडीवरच्या माणसानं रस्त्यात लंकाबाईला निरोप दिला, "तुमच्या धाकटीच्या आईचं काय खरं न्हाई. घोडेगावला आजच्या आज धाडा म्हणलंय." लंकाबाई वावरात आली, पदर खोचला आणि कांदा भरायला बसली. दुपारची एसटी निघून गेली. दिवस मावळला, कांदा झाकला गेला, तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, इसरलेच की! तुझ्या आईचा निरोप व्हता."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं इंद्रायणी घोडेगावला पोचली, तर म्हातारी पहाटेच गेलेली. भावजय म्हणाली, "रातभर इचारत व्हत्या, इंद्रा आली का, इंद्रा आली का." ते ऐकून इंद्रायणी जी मटकन खाली बसली, ती मनानं बरीच वर्षं तिथंच बसून राहिली. सगळ्या गोष्टींचे उपकार मानणारी बाई या एका गोष्टीपाशी अडली.

पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. "इंद्राबाई, क्षमा करा. माणूस विसरतं."

"इसरणं कवाच माफ केलं आसतं साहेब," ती म्हणाली. "पण ती इसरली नव्हती. दिवसभर माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हती ती. न केलेली चूक माफ करू, आन केलेली तशीच ठिवू? तोंडानं आत्ता म्हणते, माफ. पर देव काय तोंडाकडं बघतो व्हय?"

पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी मान हलवली आणि चहा घेतला.

लंकाबाई मात्र दर महिन्याला पुढच्या बाकावर बसून, डोळे मिटून ती भाकर खायची. हे बघून इंद्रायणीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भाकर आपण भाजायची आणि खायची कुणी, तर हिनं! पण दोघी रोज एकत्र खुरपायच्या, एकमेकींच्या घरचं दळण आणायच्या. बोलणं कामापुरतं.

असं चाललं असताना नव्याण्णव सालच्या डिसेंबरात कुठूनसा एक उपदेशक जीप घेऊन आला. जीपवर भोंगा. तो गरजला, की शतक संपतंय, काळ भरलाय, आता कुठल्याही घटकेला तुतारी वाजेल आणि प्रभू न्याय करायला येईल. तारीख त्यानं सांगितली नाही, पण अशा रीतीनं सांगितली नाही की ती एकतीस डिसेंबरच आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं. पाळकसाहेब म्हणत राहिले, "अरे बाबांनो, तो दिवस कुणालाच माहीत नाही, देवदूतांनासुद्धा नाही." पण भोंग्यापुढं त्यांचं कोण ऐकतंय?

मंडळीत नुसती धांदल उडाली. भागूनं शेजारणीची कधी काळी लांबवलेली पितळी गुपचूप तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली. लंकाबाईचा नवरा हौशीराम, जो जन्मात कुणाला सरळ बोलला नाही, तो बैलाला सुद्धा 'दादा' म्हणायला लागला. भिकानं गोठ्यावरचं पत्र्याचं काम अर्धवट सोडलं. "कशाला उगा? दोन दिसांचा तर प्रश्न हाय."

"आन जग न्हाई बुडालं तर म्हशी थंडीत काकडवशील व्हय?" इंद्रायणीनं त्याला पुन्हा शिडीवर चढवलं. तिला त्या दिवसाची भीती नव्हती. प्रभू येणार, कधीतरी येणारच, यावर तिचा पक्का भरवसा. आला तर कांद्याचं रोप लावता लावता हात धुऊन उठायचं, एवढंच.

एकतीस तारखेला शुक्रवारी दुपारी ती रोपच लावत होती, तेव्हा लंकाबाई बांधावरून धावत आली. पदर सुटलेला, तोंड उतरलेलं. वाफ्यातच खाली बसली आणि इंद्रायणीचे चिखलाचे हात धरले.

"इंद्रे, मला माफ कर. तवा मी इसरले, चुकले. आज रातच्याला काय इपरीत झालं तर मी त्याच्याम्होरं कशी उभी ऱ्हाऊ?"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं होतं, आणि तरी ते नव्हतं. इंद्रायणीनं हळूच हात सोडवून घेतले.

"आक्का, तुमाला माझी माफी नको, आजच्या रातीपासनं सुटका पायजे. परवा रविवार हाय. जग राहिलं तर परवा या."

लंकाबाई तोंडात पदर कोंबून निघून गेली. भिका बांधावरून ओरडला, "कसली गं तू दगडाची!" त्या शब्दानं ती दुखावली. पण रोपाची जुडी संपेपर्यंत उठली नाही.

शनिवारी उजाडलं, कोंबडे आरवले. फाट्यावर दुधाच्या गाडीनं हॉर्न मारला आणि हौशीराम दारातच गुडघ्यावर बसला. मग दूधवाल्याचा ओळखीचा आवाज आला, तेव्हा कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघत उठला. गाव हसलं. उपदेशकाची जीप तर कुठल्या कुठं गेली होती.

इंद्रायणी मात्र दिवसभर बांधाकडं बघत होती. भांडं वाजलं की दाराकडं जाई. संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला राग आलेला नाही, आपल्याला धाकधूक वाटतेय. आक्का आली नाही तर? 'परवा या' म्हणताना आपणच ती वाट बंद करून टाकली का?

रविवारी ती भाकर घेऊन देवळात गेली. पुढच्या बाकावर लंकाबाईची जागा रिकामी. असं आजवर कधी झालं नव्हतं. गाणं झालं, प्रार्थना झाली, पाळकसाहेबांनी भाकरीवरचं फडकं उचललं, आणि इंद्रायणी ताडकन उठली. "साहेब, जरा थांबा. भाकर झाकून ठिवा," म्हणाली आणि सरळ बाहेर पडली.

लंकाबाई घरात चुलीपुढं बसली होती. चूल थंड.

"आक्का, आला न्हाईत?"

"कुठल्या तोंडानं येऊ?" लंकाबाई म्हणाली. "भ्यायले म्हणून आले व्हते, तू बराबर वळखलंस. आता भीती गेली, आन खरं तेवढं राहिलं." ती जमिनीकडं बघत बोलली. "मी इसरले नव्हते, इंद्रे. दिसभर निरोप व्हटावर व्हता. म्हणलं, तू गेलीस तर कांदा भिजंल. म्हणलं, म्हातारी काय, एक दिस काढंल. कांद्यापायी मी तुझी आई तुला दावली न्हाई. हे माफ करू नको. पर ऐक तरी."

इंद्रायणीला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण पेटून उठू. पण झालं भलतंच. तिच्या छातीवरून मोठं ओझं उतरलं आणि ती ढसाढसा रडली. लंकाबाईच्या शेजारी बसून, तिच्याच पदराला डोळे पुसत रडली. आई आठवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईचे नुसते उपकारच आठवले.

"केलं माफ," ती म्हणाली. "आता उठा. मंडळी ताटकळलीत."

दोघी देवळात आल्या आणि एका बाकावर बसल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ताट फिरत आलं. लंकाबाईनं तुकडा घेतला. इंद्रायणीनं घेतला, डोळे मिटले, तोंडात घातला, आणि तिचे डोळे खाडकन उघडले.

"अगं बया!" ती कुजबुजली. "ही तर खारट इख हाय!"

"असतीच," लंकाबाई शांतपणे चघळत म्हणाली. "दर महिन्याला असती."

"दर महिन्याला? मला मेलीला कुणी सांगितलं का न्हाई?" तिनं मागं पाहिलं. भागू छताकडं बघत होती. हौशीराम खाली मान घालून घास गिळत होता. साऱ्या मंडळीनं इतकी वर्षं तिची भाकर निमूट गिळली होती. चकार शब्द कुणी काढला नव्हता.

"मीच न्हाई सांगू दिलं कुणाला," लंकाबाई म्हणाली. "तू खात नव्हतीस. भाकरीला नावं ठिवली आसती तर करायची पण सोडली आसतीस. मग देवळात कशाला आली आसतीस?"

इंद्रायणीनं ताटातला आणखी एक तुकडा उचलला. एकच घ्यायची रीत, पण पाळकसाहेबांनी तिकडं पाहिलं नाही.