बालवाडीच्या बाईंनी लुटलेलं वाण

आमच्या महिला मंडळाला सत्कार करायची भारी खोड होती. कुणी जरा बरं काम केलेलं दिसलं की घाल शाल, दे नारळ. ऐंशीच्या आसपासचं वाशी ते. इमारतींना अजून डिस्टेंपरचा वास, रस्त्याकडेची झाडं आमच्या पोरांएवढी, आणि बायका गिरगाव, दादर, पुणे, रत्नागिरी अशा कुठून कुठून येऊन पडलेल्या. नवरे सकाळी जायचे ते दिवेलागणीला उगवायचे. मग बायकांनी करायचं काय? मंडळ काढलं. मंडळाने काहीतरी समाजकार्य करायला हवं, म्हणून सोसायटीच्या रिकाम्या हॉलमध्ये बालवाडी काढली. अध्यक्षीणबाई पुण्याच्या. भाजीवाल्याशी बोलतानाही सभेत उभ्या असल्यासारख्या बोलायच्या. मी खजिनदार होते. बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकून असल्यामुळे, 'तुम्हाला आकड्यांची सवय आहे' म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

बालवाडीच्या बाई शेजारच्याच गावातल्या. खाडीकाठचं जुनं गाव, आमच्या खिडकीतून दिसायचं. त्यांचे मालक पूर्वी मिठागरात कामाला होते. नव्या शहरात मिठागर गेलं, आणि आता कांदा-बटाटा मार्केटात कुणी बोलावलं तर ते हमालीला जायचे. घर चालायचं ते बाईंच्या बालवाडीवर. बाई अंगाने आडव्या, आवाजाने उभ्या. एक हाक मारली की हॉलमधली पोरं आणि वरच्या मजल्यावरच्या आया, सगळीच गप्प.

आमचा चिरंजीव तेव्हा चार वर्षांचा होता आणि चावायचा. लाडाने नव्हे, चांगला रक्त येईपर्यंत. त्याला सांभाळायला ठेवलेल्या दोघीजणी पळून गेल्या होत्या. बालवाडीत पहिल्या दिवशी त्याने बाईंकडे बघून दात विचकले, तर बाईंनी आपला मनगटाएवढा जाड हात त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "चाव. पन मग मी चावनार हाय, आनि माजे दात मोठे हायत." त्याने हात बघितला, दात बघितले आणि निमूट पाटी घेऊन बसला. त्या दिवसापासून तो संध्याकाळी मी येईपर्यंत हॉलमध्ये बाईंकडेच राहायचा. घरी येऊन बापाला 'जास्ती बोलू नको' म्हणायला लागला, पण चावणं थांबलं. बाईंच्या जिवावर माझी नोकरी चालली होती. हे मी कुणाला सांगत नसे, पण मला पक्कं ठाऊक होतं.

तर अशा ह्या बाई डिसेंबरातल्या मासिक सभेत उभ्या राहिल्या. बटाटेवडे नुकतेच संपले होते आणि चहा यायचा होता.

"बालवाडी निगाली तवापासून पगार तेवढाच हाय," त्या म्हणाल्या. "तुर्भ्याच्या फॅक्टरीत पॅकिंगला बाया घेतायत. तिथं याच्या दुप्पट मिलतं. मना पोरांना सोडून जायचं नाय. पन घरात दोन पोरी हायत, त्यांना शालेत ठेवायचंय. पगार वाढवा, नायतर फेब्रुवारीपासून मी तिकडं."

माझ्या डोळ्यांसमोर एकदम चिरंजीवाचे दात उभे राहिले.

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की भाषण नक्की. "बाई, पहिली गोष्ट म्हणजे आपण पगार म्हणत नाही. मानधन म्हणतो. ही सेवा आहे. सेवेचं मोल पैशांत होतं का?"

"रॉकेलवाला मानधन घेत नाय ना, ताई," बाई म्हणाल्या. "घेत असता तर मीबी हसत घेतलं असतं."

दोघीचौघी हसल्या. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. मग पैसे आणायचे कुठून यावर चर्चा सुरू झाली. फी वाढवा म्हटलं, तर आया चवताळल्या. फी वाढवली तर मग कॉन्व्हेंटलाच का घालू नये म्हणे! जणू कॉन्व्हेंटवाले ह्यांची वाट बघत दारात उभे होते. मंडळाची माथेरानची सहल रद्द करा म्हटलं, तर एकीने हळूच विचारलं, की आगाऊ भरलेले पैसे बुडतील का.

मी चाचरत म्हटलं, "ह्या वर्षी वाणाचे पैसे वाचवू या का? आपण इतक्या जणी, प्रत्येकीचं घरी वेगळं हळदीकुंकू, प्रत्येकीचं वेगळं वाण. मागच्या संक्रांतीला माझ्याकडे चहाच्या गाळण्याच इतक्या जमल्या, की चहा करायची धास्ती वाटायला लागली. ते पैसे एकत्र केले तर बाईंचा..."

"अहो, काय बोलताय!" चारी बाजूंनी गिल्ला झाला. "सवाष्णीचं वाण! त्याला हात लावायचा?" मी असं तोंड करून बसले, की जणू ते दुसरीच कुणी बोललं होतं.

शेवटी ठराव काय झाला? बाईंचा सत्कार करायचा. खास सत्कार. नेहमीपेक्षा मोठं भांडं द्यायचं.

इथे आमच्या मंडळाच्या भांड्यांबद्दल सांगायला हवं. स्टीलचं भांडं द्यायचं आणि त्यावर नाव घालायचं, ही आमची रीत. पंधरा ऑगस्टला एक, स्नेहसंमेलनाला एक, दिवाळीला प्रत्येकीच्या घरचं एक. शिवाय जूनमध्ये पोरगं पहिलीत गेलं की त्याची आई वेगळं द्यायची. बाईंना इतक्या वर्षांत वाट्या, तांबे, ताटं, डबे किती मिळाले असतील त्याची गणती नाही. आणि सगळ्यांवर 'बालवाडीच्या बाईंस सप्रेम भेट', खाली देणारीचं नाव ठसठशीत. बाईंचं स्वतःचं नाव कुठेच नाही, कारण ते आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं.

खास सत्काराचं भांडं आणायला मीच गेले. धान्य ठेवायचा पोटाळ डबा. अध्यक्षीणबाईंनी मजकूर लिहून दिला होता: 'बालवाडीच्या बाईंस त्यांच्या निरपेक्ष सेवेबद्दल महिला मंडळातर्फे सप्रेम भेट.' नाव घालणारा अक्षरामागे पैसे घ्यायचा. मी म्हटलं, "त्यातलं 'निरपेक्ष' काढलं तर स्वस्तात पडेल, आणि खरंही होईल." तो म्हणाला, "बाई, मला काय, तुम्ही सांगाल ते ठोकतो." पण अध्यक्षीणबाईंना तोंड द्यायची माझी छाती नव्हती. 'निरपेक्ष' ठोकलं गेलं.

सत्कार थाटात झाला. बाईंनी डबा घेतला, नमस्कार केला आणि खाली उतरल्या. मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. डबा कमरेवर घेतला होता त्यांनी, कळशी घेतात तसा.

"वहिनी, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "यावर नाव कशाला घालता?"

"आठवण राहावी म्हणून."

"आठवन तर ऱ्हातेच ओ. दुकानदार घेत नाय ना मग परत! कोरं असतं तर बदलून पोरींना दप्तरं घेतली असती. नाव घातलेलं मोडीत काडावं लागतं. गेल्या साली नणंदेच्या लग्नात माजी भांडी काढली, तर तिचे सासरचे म्हणाले, ही मंडलाची भांडी परत केली नाय काय? चोर ठरले मी, वरमायांच्या पंगतीत!" आणि त्या पोट धरून हसल्या. मीही हसले. मग त्या थांबून म्हणाल्या, "पन फेब्रुवारीपासून जाते हां मी. फॅक्टरीत सांगून आलेय." मला हसू आवरायला लागलं नाही, ते आपोआप गेलं.

संक्रांत झाली. घरोघरी हळदीकुंकवं सुरू झाली, गाळण्या इकडून तिकडे फिरू लागल्या. आणि एका दुपारी बाई मंडळातल्या प्रत्येकीच्या दारात उभ्या. "रविवारी माज्याकडं हलदीकुंकू हाय. समद्यांनी यायचं." त्या जाणार म्हणून निरोपाचं असेल, असं सगळ्यांना वाटलं. नाही कसं म्हणायचं? हळदीकुंकवाला नाही म्हणत नाहीत.

खिडकीतून रोज दिसणाऱ्या त्या गावात आम्ही कधी पाऊल टाकलं नव्हतं. रविवारी काळ्या साड्या नेसून, गजरे माळून आमची वरात निघाली. वाटेत सुकट वाळत घातलेली होती. तिथे पुणेकर पदर नाकावर गेले. मी कोकणातली, मला उलट भूक लागली. बाईंचं घर म्हणजे पुढे सारवलेली ओटी, आत नवी फरशी, सगळं लख्ख. बाई जरीची हिरवी साडी नेसलेल्या. हळदीकुंकू लावलं, मनगटाला अत्तर चोळलं, गुलाबपाणी शिंपडलं, तिळाचे लाडू दिले. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नाही. कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी ढीग होता. त्यांची थोरली मुलगी चादर ओढायला टपून बसली होती आणि हसू दाबत होती.

बाईंनी खूण केली. चादर ओढली.

सगळी स्टीलची भांडी! घासून आरशासारखी केलेली. बाईंनी एकेकीला कुंकू लावून ओटीत एकेक भांडं द्यायला सुरुवात केली. माझ्या वाट्याला तांब्या आला. बघते तर त्यावर 'बालवाडीच्या बाईंस सप्रेम भेट', आणि खाली माझंच नाव. माझ्याच घरून गेलेला तांब्या. शेजारणीच्या हातात तिचंच ताट. प्रत्येकीला जिचं तिला, एकही चूक नाही. आणि सगळ्यांत शेवटी अध्यक्षीणबाईंच्या मांडीवर तो डबा. 'निरपेक्ष' बरोबर वरच्या बाजूला.

एकजण म्हणाली, "अहो बाई, हे काय, हे तर..."

"वानाला नाय म्हनायचं नसतं, वहिनी," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमीच म्हनलात ना त्या दिशी, वानाला हात लावायचा नाय? नाय लावला. माज्याकडं मान लई जमलाय ओ. घर लहान. ठेवायला जागा नाय."

आणि वरून लाडू दिला. "तीलगूल घ्या, गोड बोला."

काय गोड बोलणार! परतीच्या वाटेवर भर उन्हात काळ्या साड्यांतल्या बायका हातात ताटं, तांबे घेऊन ओळीने चाललेल्या. गावातली पोरं ओट्यांवरून टकामका बघत होती. अध्यक्षीणबाई सगळ्यांत पुढे, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. नाल्यावरच्या मोरीपाशी त्या थबकल्या. मला वाटलं, आता चष्मा काढणार. पण दोन्ही हातांत डबा. त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून मी पुढे धावले, तर त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मेलीने काय सत्कार केला हो आपला!" त्या म्हणाल्या. मग सगळ्याच हसायला लागल्या. ताटं खणाखण वाजली. मी अध्यक्षीणबाईंना तोवर घाबरत असे. त्या क्षणापासून त्या मला मनापासून आवडायला लागल्या.

दुसऱ्याच दिवशी तातडीची सभा. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माझ्या मनात एक कल्पना आली आहे." कल्पना अशी, की इथून पुढे घरोघरी वेगळं वाण नाही. सगळ्यांचं मिळून एकच हळदीकुंकू, आणि प्रत्येकीने वाणाचे पैसे बालवाडीत घालायचे. फी थोडी वाढवायची. सहल माथेरानऐवजी घारापुरीला. पगार दर संक्रांतीला वाढवायचा, बाईंनी मागायच्या आधी. ही कल्पना मी कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत होती, पण मी जीभ चावली. फक्त ठराव लिहिताना मी विचारलं, "मानधन लिहू?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "पगार लिहा. उगाच आता पुन्हा तो डबा परत नको यायला." मग त्याच म्हणाल्या, "आणि नाव काय हो त्यांचं? पुरं नाव लिहा." कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी मी विचारून आले, तोवर ठराव थांबला.

बाई फॅक्टरीत गेल्या नाहीत. ते कळलं त्या संध्याकाळी मी चिरंजीवाला कडेवर घेऊन घरी आले आणि दार लावून चक्क रडले. आमच्या ह्यांनी विचारलं, "काय झालं?" तर चिरंजीव म्हणाला, "जास्ती बोलू नको."

पुढच्या संक्रांतीला बाईंकडून पुन्हा बोलावणं आलं. गेलो आम्ही, पण जरा दबकतच. आता काय परत मिळतंय? पुन्हा हळदीकुंकू, अत्तर, लाडू. पुन्हा कोपऱ्यात चादर. चादर निघाली तर खाली वाट्या, नव्याकोऱ्या, दुकानातलं कागदाचं लेबल अजून चिकटलेलं. ओटीत वाटी पडली तशी प्रत्येकीने ती उलटी केली, कडेने फिरवून बघितली, पुन्हा सरळ केली. अक्षर नाही. अध्यक्षीणबाईंनी तर चष्मा लावून आतून बघितलं.

"काय शोधता गं बायांनो?" बाई हसत सुटल्या. "ह्या माज्या पगारातल्या हायत. नाव नाय घातलं."

"घालायचं ना, बाई," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच सभेतला नव्हता. "आता तर आम्हाला तुमचं नाव माहीत आहे."

"नको," बाई म्हणाल्या. "तुमाला कदी नड आली, तर दुकानदार परत घेईल."