होडीतल्या पोरीचं काय झालं?

नवरा लायब्ररियन आहे असं सांगितलं, का लोक पहिलं काय विचारत? "म्हणजे दिवसभर करतात काय?" माझ्या कन्हानच्या भावानं तं लग्नाच्या मांडवातच म्हटलं, "जवाईबुवाची मजा आहे बापा! पंख्याखाली बसा, पेपर वाचा, पगार घ्या." असा राग आला मले! दुसरे लोक त्याच्याही वरचे. "आनंदराव, तुम्ही तं सारी पुस्तकं वाचून काढली असतील!" हे नुसती मान हलवत. नाही म्हटलं तं इज्जत जाते ना. खरं सांगू? नोकरी लागल्यापासून या माणसानं एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाही. शिक्के मारा, नंबर टाका, धूळ झाडा, तपासणीवाला आला का त्याले चहा पाजा. वाचाले वेळ कोणाले होता?

वाचनालय महाल भागातलं, कमिटीचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक जाडजूड शब्दकोश गायब झाला. त्याचे पैसे ह्यायच्या पगारातून कापले, ते एक वेळ ठीक. पण सचिव भैयाजी चार लोकांसमोर म्हणाले, "विकला तं नाही ना गा, आनंदराव?" हे घरी आले, ताटावर बसले आणि तसेच उठले. दुसऱ्या दिवसापासून काचेच्या अलमाऱ्याले कुलूप आणि किल्ल्या यायच्या कमरेच्या पट्ट्याले. कोणी पुस्तक मागितलं का पेपर पुढे करायचे, लयच मागं लागला तं जुनं मासिक. अलमारी? "तपासणी चालू आहे, उद्या या." तो उद्या हे रिटायर होईपर्यंत आला नाही. मीही म्हणायची, बरं करता. आपल्या पोटावर पाय काहून द्यायचा?

यंदा मार्चमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. भैयाजी आता काठी टेकत येतात. त्यायनं शाल घातली, नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, "त्या पहिल्या वर्षानंतर आमचं एक पुस्तक इकडचं तिकडं झालं नाही. असा इमानदार माणूस मी पाहिला नाही." ज्या तोंडानं 'विकला' म्हटलं, त्याच तोंडानं! या एका वाक्यासाठी यायनं सारी नोकरी काढली होती. मी पदराले डोळे पुसले.

मंग शोभाताई उठली. फाटकासमोर तिचा तर्री-पोह्याचा ठेला आहे, आधी तिच्या बापाचा होता. त्या दिवशीचे पोहेही तिचेच.

"मलेही बोलू द्या," म्हणे. "मी लहान होती. बाबाच्या ठेल्यावर प्लेटा धुवायची आणि सवड भेटली का अंदर येऊन काचेसमोर उभी राहायची. मधल्या फळीवर एक पुस्तक आहे. त्याच्यावर होडी, होडीत एकटी पोरगी, वर काळं आभाळ. साहेबांची शिस्त कडक, हात लावू दिला नाही, म्हणून तं ते अजून नवं कोरं आहे! साहेब, तुम्ही सारं वाचलं. आज जाता जाता सांगून द्या. त्या पोरीचं शेवटी काय झालं?"

बाई मनापासून बोलून राहिली होती. टोमणा मारला असता तं मी तिले उत्तर दिलं असतं. सारे यायच्याकडे पाहत होते. भैयाजीही.

"पोहोचली," हे म्हणाले. "काठाले पोहोचली ती."

टाळ्या पडल्या. सवयीनं माझेही हात वाजले, आणि मले माझ्याच हाताची लाज वाटली. शोभाताई हसत म्हणे, "बरं झालं बापा! आज घरी लेकीले सांगीन."

घरी आल्यावर यायनं शाल काढून खुर्चीवर टाकली आणि खाली जमिनीवर बसले.

"मले माहीत नाही वं, जया."

"माहीत आहे मले."

"तिचे हात ओले राहायचे. काचेवर डाग पडतात म्हणून मी तिले हाकलायचो. एवढीशी होती ती. आज पुन्हा खोटं बोललो तिच्याशी. तोंड दाखवाची लाज वाटून राहिली मले."

कुलूप यायनं लावलं, बरं करता म्हणणारी मीच ना.

सकाळी म्हणाले, चल, ते पुस्तक आणू, वाचू आणि तिले खरं सांगू. आम्ही गेलो. यायच्या जागेवर आता अंकित आहे, यायनंच शिकवलेला पोरगा. सर आले म्हणून उठून उभा राहिला, चहा सांगितला. पण पुस्तकाचं नाव काढल्याबरोबर त्याचं तोंड उतरलं.

"सर, तुम्हीच तं म्हटलं होतं, सख्खा भाऊ आला तरी अलमारी उघडू नको. गेलं तं पगारातून कापतात. भैयाजीची सही आणा, लगेच देतो."

"भैयाजी?"

"सकाळीच पुण्याले गेले सर, पोराकडे. महिनाभर तिकडेच आहेत."

हे तसेच वळले. अलमारीपाशी गेले. काचेतून होडी दिसत होती, पोरगी दिसत होती. हात काचेवर टेकणार होता, तो यायनं मागं घेतला. बाहेरून पोह्याच्या तर्रीचा वास येत होता. आता फाटकातून निघायचं म्हणजे शोभाताईसमोरूनच.

मी म्हटलं, "चला घरी."

"थांब वं," हे म्हणाले. "जाड आहे का पातळ, तेवढं तरी पाहू दे."