दारकाच्या पायरीवरचं मांस

एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागला की आमच्या गावात घरोघरचे फ्रीझर रिकामे होतात, आणि त्यातलं जे कुणालाच खायचं नसतं ते दारका ह्रिंचुकच्या पायरीवर येऊन पडतं. दोन वर्षांपूर्वीचं हरणाचं मांस, तळाशी चिकटलेल्या कोंबड्यांच्या माना, कुणाच्या तरी मेव्हण्याने दिलेली गाईची जीभ. कुणी दार वाजवत नाही. दारका सकाळी कॉफीचा कप घेऊन बाहेर येते, पुडकी पायानेच उलटीपालटी करून बघते आणि आत नेते. हे सगळं सिर्को आणि बुर्कोसाठी. तिचे दोन कुत्रे, वासराएवढे.

एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. लहानपणी अर्धं गाव तिने ओरडून गप्प बसवलंय, त्यामुळे ती बोलायला लागली की बाप्ये अजूनही गप्प बसतात. मेट्रो नावाचा तिचा नवरा गेला, त्याच्या मागोमाग त्यांचा जुना कुत्रा पोटाच्या दुखण्याने गेला. तेव्हा तिने पोत्यातलं तयार खाणं कचऱ्यात ओतलं आणि पुढच्या कुत्र्यांना कच्चं मांसच घालायचं ठरवलं. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी परोपरीने सांगितलं, त्यात जंतू असतात, हाड घशात अडकतं. दारकाने ऐकून घेतलं आणि केलं स्वतःच्याच मनाचं. निष्काळजी मात्र म्हणू नका तिला. ताजं मांस तीन आठवडे गोठवल्याशिवाय द्यायचं नाही, शिजलेलं हाड तर कधीच नाही, टेबल व्हिनेगरने पुसायचं. कुत्र्यांनी ओळीने बसायचं आणि ती ‘हं’ म्हणेपर्यंत लाळ गाळत थांबायचं. मला बाई तो प्रकार बघवत नाही. हाडं कडाकडा मोडायला लागली की मी भिंतीकडे तोंड करते. तरी पोस्ट बंद झालं की मी तिच्या गॅरेजमध्ये जाऊन बसते, कारण तासभर बोलावं असं दुसरं माणूस गावात नाही. मी नेटी, इथलं पोस्ट मीच सांभाळते. आणि जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे, तो आधीच सांगून टाकते.

जानेवारीत वॉल्टर बिलिन्स्कीची मुश्का गेली. चौदा वर्षांची म्हातारी कुत्री, मांडीत मावेल एवढी. वॉल्टरची बायको गेल्यापासून त्या घरात दुसरा श्वास तिचाच. शेवटी तिला उठवेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कायमचं झोपवायची सुई दिली. पुरायची तर जमीन पुरुषभर खोल गोठलेली, कुदळीला ठिणगी उडेल अशी. मग इथे सगळे करतात तेच त्याने केलं. तिला बायकोच्या जुन्या कोटात गुंडाळलं, धान्याच्या पोत्यात घालून तोंड शिवलं आणि शेडमधल्या फ्रीझरमध्ये ठेवलं, बर्फ वितळेपर्यंत. हे त्याने एकट्या मला सांगितलं. वर म्हणाला, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, खोल पुर, ते औषध अंगात राहतं, कोल्ह्याने उकरून खाल्लं तर तोही मरेल.

मी मान डोलावली आणि विसरले. विसरले म्हणजे किती, तर एप्रिलमध्ये वॉल्टर कंबरेच्या ऑपरेशनसाठी विनिपेगच्या इस्पितळात होता, त्याची मुलगी लॉर्ना घर आवरायला आली, शुक्रवारी सकाळी पोस्टात येऊन मला विचारायला लागली, शेडमधल्या फ्रीझरमध्ये जुनं मांस आहे, त्याचं काय करू? मी शिक्के मारत होते. मान वर न करता म्हटलं, “दारकाकडे टाक.” वर्षातून पन्नास वेळा हे शब्द माझ्या तोंडून जातात.

शनिवारी दहाच्या सुमारास वॉल्टरचा फोन आला. आवाज अगदी खुशीत. उद्या सकाळीच घरी सोडतायत, म्हणाला. लॉर्ना सांगते, जमीन मऊ झालीय. लायलॅकच्या झुडपाखाली खड्डा खणायला कुणी मिळेल का बघ, मुश्काला आता नीट झोपवू या.

त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. फोन ठेवला तो लगेच दारकाचा नंबर फिरवला. सात वेळा वाजल्यावर तिने उचलला. मी सांगितलं, लॉर्नाने टाकलेल्या मांसाबरोबर शिवलेलं पोतं आलंय का, त्याला हात लावू नकोस, त्यात मुश्का आहे. पलीकडे रिसीव्हर खाली पडल्याचा आवाज आला.

पोस्टाला कुलूप न लावता मी धावत सुटले. मला साठी उलटून चार वर्षं झालीत.

कसं झालं ते तिने मग सांगितलं. हरणाची मांडी असेल समजून पोतं कालपासून टबात वितळत ठेवलेलं. कुत्रे ओळीत बसवले होते, सुरी हातात घेतली होती, तेवढ्यात आत फोन वाजला. माझाच फोन. ती गॅरेजमधून आत गेली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच सिर्कोने ‘हं’ची वाट बघितली नाही. मी पोचले तेव्हा बुर्को जागच्या जागी बसलेला होता. सिर्को जिभेने मिशा चाटत होता. पोत्याचा कोपरा फाटलेला, कोटाची तपकिरी बाही बाहेर लोंबत होती, आणि मुश्काचा एक मागचा पाय नव्हता. दारका सुरी हातात धरून तशीच उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलेलं मी मेट्रोच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

“त्यात औषध आहे,” मी म्हटलं. “सुईचं.”

दवाखाना पाऊण तासावर आहे. दारकाने तो पंचवीस मिनिटांत गाठला. एकतीस वर्षांत एकदाही वेगमर्यादा न मोडलेली बाई ती. अर्ध्या वाटेतच सिर्कोचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं, मागचे पाय लटपटले, मग हलेचनात. डॉक्टरीणबाईंनी त्याला आत नेलं, सलाईन लावलं. ‘मी सांगत नव्हते का’ असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्या दुपारपर्यंत जगला तर जगेल, एवढंच सांगितलं.

रविवारी सकाळी मी सुई-दोरा घेऊन दारकाकडे गेले. म्हटलं, पोतं पुन्हा शिवून टाकू, वॉल्टरला कशाला कळायला हवं, आधीच त्याचं काळीज नाजूक. दारकाने माझ्या हातातून सुई घेतली, पोतं नीट शिवलं, उचलून कडेवर घेतलं.

“बसची काच फोडली की पोरांना मी काय सांगायचे?” ती म्हणाली. “आधी तोंडाने सांगायचं. चल.”

वॉल्टर चाकांच्या वॉकरला धरून दारातच उभा होता. लॉर्ना मागे. दारकाने पोतं खाली ठेवलं नाही.

“वॉल्टर, तुझी मुश्का मांसाबरोबर माझ्याकडे आली होती. माझं लक्ष नव्हतं. सिर्कोने तिचा पाय खाल्लाय.”

लॉर्नाने दोन्ही हात तोंडावर घेतले. वॉल्टरने एक हात वॉकरवरून काढून पोत्यावर ठेवला.

“तिच्यात सुईचं औषध होतं,” तो म्हणाला. “सिर्को कुठाय?”

मेट्रोच्या दफनाला एक टिपूस न गाळलेली दारका त्याच्या पायरीवर बसली आणि पोतं पोटाशी धरून रडली. जगतो की नाही माहीत नाही, म्हणाली. वॉल्टरने मला दवाखान्यात फोन करायला आत पिटाळलं. सिर्कोने डोकं उचललं होतं, पाणी प्यायला होता.

खड्डा दारकाने एकटीने खणला. वॉल्टर दोनदा पुरे म्हणाला, पण खड्डा छातीएवढा खोल झाल्याशिवाय ती थांबली नाही.

मंगळवारी सिर्को घरी आला, हाडं वर आलेली, चालताना झुलत. संध्याकाळी वॉल्टरने लॉर्नाला गाडी काढायला लावली आणि दारकाच्या गॅरेजमध्ये आला. दारकाने दोन वाडगे भरले, हरणाचं मांस, त्याच्याच फ्रीझरमधलं. कुत्रे ओळीत बसले. लाळ जमिनीवर टपटपत होती. दारका त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. सिर्को थरथरत होता, पण हलला नाही.

वॉल्टरने वॉकर थोडा पुढे ढकलला.

“हं,” तो म्हणाला.