आठ टक्क्यांवर थांबलेली पट्टी

अक्कांनी कीबोर्डवर गोमूत्र शिंपडलं. माझ्यादेखत. तांब्यात बोटं बुडवून तीनदा कीबोर्डवर, मग खुर्चीवर, मग माझे पाय पडले होते त्या फरशीवर. मी दाराबाहेर उभी होते. हातात फ्लॉपी.

"यंत्राचं काही नाही," अक्का म्हणाल्या, "पण भिंतीपलीकडे देवघर आहे."

जळगावची डाळमिल. नाना मालक, अक्का त्यांच्या पत्नी. नव्वदीची निम्मी वर्षं सरली होती, गावात कॉम्प्युटर नवे होते, आणि नानांनी घेतला होता. त्याच्यासाठी एसी खोली, खिडकीला पडदे, सीपीयूवर हळदकुंकू. चप्पल बाहेर काढायची, आत धूळ जाते. मी धुळ्याची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून जळगावातच, पिंप्राळ्यात खोली घेऊन राहत होते. मिलमध्ये येणाऱ्या मालाच्या नोंदींचा प्रोग्राम लिहायला नानांनी मला ठेवलं. पहिल्या दिवशी अर्जावरचं आडनाव वाचलं, अर्ज उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तू बाहेरच्या मशीनवर बस."

बाहेरचं मशीन वजनकाट्याजवळ होतं. सेकंडहँड घेतलेला जुना कॉम्प्युटर, पडदा काळा-पांढरा. डाळीचा भुसा उडून कळांमध्ये बसायचा. मी रोज सकाळी फुंकर मारून कामाला लागायची. लिहिलेलं फ्लॉपीवर घालायची, आणि ती फ्लॉपी आत न्यायचा नानांचा भाचा. पुण्याहून शिकून आलेला. सगळे त्याला इंजिनिअरसाहेब म्हणत. फ्लॉपी आत चालायची. मी नाही.

खरं सांगते, तेव्हा मला राग आला नाही. मी स्वतःला समजावलं, आत जागा कमी असेल. असं स्वतःला फसवण्यात मी तरबेज होते. लहानपणापासूनची सवय.

प्रोग्राम चालायला लागला. वर्षाचा गोषवारा काढायला मशीनला पाचेक मिनिटं लागत. तेवढा वेळ पडदा निपचित. नानांना वाटे, अडकलं. ते सरळ भिंतीवरचं बटण बंद करत आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी प्रोग्रेस बार घातला. काम पुढं सरकतंय हे दाखवणारी पट्टी. तयार मिळते ती, एकेक निळा चौकोन भरत जातो.

नाना तरातरा बाहेर आले.

"निळा कोणी घातला?"

"तो तसाच येतो, नाना."

"तसाच येतो? की तू आणला?" काट्याजवळचे दोघे हसले. "माझ्या घरात निळं चालणार नाही. केशरी कर. आणि मधे मिलचं नाव टाक."

आमच्या वस्तीच्या चौकात निळा झेंडा आहे. नानांना ते माहीत होतं, मला ते माहीत आहे हेही माहीत होतं. मी मान खाली घालून "करते" म्हणाले. त्या "करते"ची मला आजही लाज वाटते.

तयार पट्टीचा रंग बदलत नव्हता. मग मी ती टाकूनच दिली. चित्राची एक रिकामी चौकट घेतली आणि तिच्यात स्वतः पट्टी काढली. चौकटीची रुंदी शंभर धरली. जितके टक्के काम, तितका आडवा रंग भरायचा. मधे मिलचं नाव आणि टक्के. खरी कसरत नावाची. रंग अक्षरांवरून जाताना अक्षरं दिसेनाशी व्हायची. तीन दिवस झटले तेव्हा जमलं. पट्टी पुढं सरकेल तसं एकच अक्षर डावीकडून पांढरं होत जायचं, उजवीकडून काळंच राहायचं. वेलांटीसुद्धा मधोमध दुभंगायची. कोणी शिकवलं नव्हतं. मी केलं होतं.

पण कॉम्प्युटरला रंग आकड्यांत सांगावा लागतो, केशरी मी तसा नुसत्या आकड्यांनी लिहिला होता. माझ्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तो करडा दिसायचा. स्वतःच्या हातचा रंग बघावा, एवढंच मनात आलं. एका दुपारी खोलीत कोणी नव्हतं. चप्पल काढली, पाय पुसले आणि आत गेले. खुर्चीत बसले, फ्लॉपी घालणार तोच अक्का दारात.

त्यानंतरचं वर सांगितलंच.

गोमूत्रानं कीबोर्डच्या कळा चिकटल्या. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेबानं नवा कीबोर्ड आणला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हिनं हात लावला आणि बिघडला." मी बाहेरच्या मशीनवरचा भुसा फुंकत राहिले.

रविवारी धुळ्याला गेले. आईनं जन्मभर शाळेचे वर्ग झाडले. तिला सांगितलं. वाटलं, जवळ घेईल. ती निवडत होती ती भाजी बाजूला सारून म्हणाली, "काम बठ्ठं तूच करस ना? मंग आत कोन बसस?"

मी खाली पडलेले देठ गोळा करू लागले.

"मी वर्ग झाडीसन भाईर बसनू. तू बी भाईरच बसस. मंग शिकनी कसाले?"

तिनं मला थोपटलं नाही. परत भाजी निवडायला लागली. जळगावच्या एसटीत बसले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना.

दसऱ्याला नानांनी कॉम्प्युटरची पूजा ठेवली. गावातले व्यापारी बोलावले. इंजिनिअरसाहेब खुर्चीत, गळ्यात हार. प्रोग्राम त्यानं केला, असं नाना सगळ्यांना सांगत होते. मी उंबऱ्याबाहेर उभी होते, पडद्याची पाठ माझ्याकडे. नवी पट्टी घातल्यापासून पहिल्यांदाच त्यानं गोषवाऱ्याचं बटण दाबलं. माणसं वाकून बघू लागली.

"आठ टक्के," कोणीतरी वाचलं.

मग बराच वेळ काहीच नाही. "इथंच थांबलं की. काहीतरी इंग्रजी आलंय." नानांनी माझ्याकडे पाहिलं.

काय झालं ते मला दाराबाहेरूनच कळलं. टक्के काढायला मी नोंदीचा आकडा शंभरानं गुणत होते. तो गुणाकार ज्या खणात ठेवला होता, त्यात बत्तीस हजार आणि वर थोडं, एवढंच मावतं. तपासायला मला तीनशे नोंदी दिल्या होत्या. तीनशेचे तीस हजार, मावले. आतल्या नोंदी चार हजार. सव्वातीनशेच्या पुढं खण उतू गेला. चूक माझीच. पण सगळ्या नोंदी मी मागितल्या होत्या, तेव्हा इंजिनिअरसाहेब म्हणाला होता, "घरातल्या गोष्टी बाहेर देत नसतात."

"काय करायचं?" त्यानं विचारलं. मान न वळवता.

एक शब्द बदलायचा होता. इंटिजरच्या जागी लाँग. लहान खणाच्या जागी मोठा.

"मी आत येऊन करते," मी म्हणाले.

"तिथूनच सांग. तो लिहील."

"नाही, नाना. आत येऊन करीन. नाहीतर नाही."

मी शूर नव्हते, हे लिहून ठेवते. पण आईचा प्रश्न छातीवर बसला होता.

अक्का म्हणाल्या, "आज पूजा आहे."

"पोरी," नाना हळू बोलले, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, "दारात उभं राहू दिलं तेच तुझ्या सात पिढ्यांना पुरेल. सांग."

मी तोंड मिटलं. खोलीत आठ-दहा माणसं, हार, पेढे, अगरबत्ती, आणि आठ टक्क्यांवर मेलेली पट्टी. एक शब्द माझ्या जिभेवर होता आणि तो मी गिळला. नानांनी मला आत बोलावलं नाही. पाहुण्यांसमोर तोंड काळं झालेलं चाललं, माझा पाय चालला नाही. भिंतीवरचं बटण बंद केल्याचा आवाज आला, तेव्हा मी चप्पल घातली.

कामाचा दाखला मिळाला नाही. त्यांनी गावभर सांगितलं, पोरगी खोडसाळ आहे, मुद्दाम बिघाड ठेवला. वर्षभर जळगावात मला कोणी कामाला घेतलं नाही. पट्टी पुढं कोणी दुरुस्त केली, कोणाच्या नावानं चालली, कळलं नाही. तिचा केशरी कसा दिसत होता तेही मी कधी पाहिलं नाही.

पाहायचाही नाही. त्या दसऱ्याला बस स्टँडवर उभी राहून मी एक गोष्ट ठरवली आणि आजवर मोडलेली नाही. जिथं माझ्या पायांना बंदी, तिथं माझं डोकं मिळणार नाही. एक ओळ नाही. एक शब्दही नाही. थांबलेलं थांबू दे.