पाठकोरा कागद

पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाने कॉलेजात जाऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. नागपूरच्या माझ्या बी.कॉम.ला इथे कोणी विचारलं नाही, म्हणून अमेरिकेत फ्रीमाँटला आल्यावर कम्युनिटी कॉलेजात पहिल्यापासून सुरुवात केली. घर, नोकरी आणि मुलीची शाळा सांभाळत दोन वर्षांचा अभ्यास मी पाच वर्षांत पुरा केला. मग युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. पेढेही वाटून झाले.

आणि युनिव्हर्सिटीचा ईमेल आला. बाकीच्या विषयांचे क्रेडिट्स मान्य केले, पण संख्याशास्त्राचा कोर्स आमच्या कोर्सशी जुळतो की नाही ते ठरवता येत नाही. त्याचा सिलॅबस पाठवा. नाहीतर प्रवेश पुढच्या वर्षी.

कम्युनिटी कॉलेजात तो विषय शिकवणारे सर जुन्या वळणाचे, कोणत्या आठवड्यात कोणता धडा याचा सिलॅबस कागदावरच देत. ते केव्हाच रिटायर झाले होते आणि कॉलेजकडे तेव्हाची प्रत नव्हती. माझ्याकडे असायला हवी होती.

पण आमच्या घरात पाठकोरा कागद टाकून देणं म्हणजे पाप. परीक्षा झाली की मी एका बाजूने कोरे असलेले सगळे कागद काढते, चार-चार तुकडे करते आणि क्लिप लावून फ्रिजवर ठेवते. किराण्याच्या याद्यांसाठी.

मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, "आई, हू डझ दॅट?"

"आपल्याकडे सगळेच करतात," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चोरासारखा वाटला.

दोघींनी ड्रॉवर, पर्सेस, गाडीचे कप्पे उपसले. एकच तुकडा सापडला. एका बाजूला सहाव्या आठवड्याचा धडा, दुसऱ्या बाजूला माझ्या अक्षरात मेथी, हिंग, साबुदाणा. लाज गुंडाळून ठेवून त्याचाच फोटो पाठवला. उत्तर फार सभ्य होतं: पूर्ण सिलॅबस लागेल.

मी खूप रडले. मग रडण्याचाही कंटाळा आला. प्रवेश वर्षभर लांबला आणि शेजारच्या गावातल्या कॉलेजात मी तोच विषय पुन्हा घेतला.

पहिल्या दिवशी मॅडमनी सिलॅबस वाटला. मी सवयीने कागद उलटून पाहिला. मागेही छापलेलं होतं. सरांनी तेव्हा एवढं केलं असतं तर आज मी तिसऱ्या वर्षात बसले असते, असं मनात आलं. मग वही उघडली आणि मला तोंडपाठ असलेल्या पहिल्या धड्याचं नाव लिहिलं.